अक्काच्या पेशी

निरंजन शेटेच्या स्वादुपिंडात गाठ सापडली तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्याआधी चार महिने त्याची पाठ दुखत होती. पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर, दिवसभर जीपमध्ये बसून कालव्यांच्या कडेकडेने हिंडणारा माणूस, पाठ दुखणारच, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं. मग एका सकाळी त्याच्या बायकोने, रेवतीने, चहाचा कप देताना त्याचे डोळे पाहिले. ते हळदीसारखे पिवळे झाले होते.

२०४३ साल होतं. रक्ताचा कर्करोग, स्तनाचा, आतड्याचा, या सगळ्यांसह माणसं तोवर वीस-वीस वर्षं काढू लागली होती. स्वादुपिंडाचं मात्र फारसं काही बदललं नव्हतं. निरंजनची गाठ एका मोठ्या रक्तवाहिनीला वेटोळं घालून बसली होती, त्यामुळे शस्त्रक्रियेचा प्रश्नच नव्हता. औषधांनी ती थोडी आकसली आणि पुन्हा वाढली. तेव्हा कोणीतरी त्याला मिरजेच्या एका संशोधन रुग्णालयात डॉ. नसीम मुजावर यांच्याकडे पाठवलं.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "तुम्हाला सख्खं भावंड कोण?"

"एक बहीण आहे. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी," निरंजन म्हणाला.

"त्यांना घेऊन या."

गिरिजा शेटे सांगलीच्या एका शाळेत खो-खो शिकवायची. तिच्या हाताखालच्या मुली राज्याच्या संघात होत्या, दोघी देशाच्या संघात. तिने लग्न केलं नव्हतं. आई गेली तेव्हा निरंजन सहावीत होता, वडील नोकरीपायी सतत बाहेरगावी. त्याचे डबे, त्याचे अभ्यास, त्याची आजारपणं गिरिजाने काढली होती. घरात सगळे तिला अक्का म्हणायचे. रेवतीही लग्न होऊन आल्यापासून अक्काच म्हणू लागली.

डॉ. मुजावर पन्नाशीच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी तिघांना समोर बसवलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर एक चित्र लावलं. गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांची दाटी होती.

"हे एका धडधाकट माणसाचं स्वादुपिंड आहे. साठ वर्षांचे गृहस्थ होते, अपघातात गेले. यात ही इथली पेशी बिघडलेली आहे. ही पण. ही पण. कर्करोगाची सुरुवात ज्या बिघाडाने होते तोच बिघाड. त्या गृहस्थांना कर्करोग कधीच झाला नाही."

"का?" गिरिजाने विचारलं.

"शेजाऱ्यांमुळे. बिघडलेली पेशी एकटी राहत नाही. तिच्या चारी बाजूंना चांगल्या पेशी असतात. त्या तिला दाबून धरतात, पसरायला जागा देत नाहीत. कधी कधी तर तिला ढकलून नळीत टाकून देतात, ती वाहून जाते. त्यांच्या मागे तंतुपेशी असतात, म्हणजे अवयवाचा सांगाडा विणणाऱ्या पेशी. त्या सतत रासायनिक निरोप पाठवत असतात. थांब. विभागू नकोस. तुमच्या-माझ्या वयाच्या कितीतरी लोकांच्या पोटात हे रोज चाललेलं असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो."

त्यांनी दुसरं चित्र लावलं. त्यात ठिपके कमी होते आणि दोऱ्यांसारखे पट्टे जास्त.

"ही निरंजनरावांची गाठ. हा जो सभोवतीचा कडक थर आहे ना, तो म्हणजे गाठीचा किल्ला, असं आमच्या आधीच्या लोकांना वाटायचं. तो फोडला की औषध आत शिरेल. त्यांनी उंदरांमध्ये तो थर काढून पाहिला. उंदीर लवकर मेले. कारण त्या थरात काही पेशी अजूनही गाठीला आवरून धरत होत्या. सगळ्या फितूर झालेल्या नव्हत्या."

"आणि माझ्या?" निरंजनने विचारलं.

"बहुतेक फितूर झाल्या आहेत. म्हणून तुमच्या उपयोगाच्या नाहीत. आम्हाला दुसऱ्या कोणाच्या तरी हव्यात, आणि तुमच्या शरीराला परक्या वाटणार नाहीत अशा."

मग सगळ्यांनी गिरिजाकडे पाहिलं.

पद्धत ऐकायला सोपी होती. गिरिजाच्या तोंडातून जठरात दुर्बीण घालायची, जठराच्या भिंतीतून बारीक सुई स्वादुपिंडात न्यायची आणि चार-पाच ठिकाणचे तुकडे घ्यायचे. प्रयोगशाळेत त्यांतल्या राखण करणाऱ्या पेशी वेगळ्या करून वाढवायच्या आणि निरंजनच्या गाठीभोवती टोचायच्या. गाठ मरणार नव्हती. ती झोपून राहणार होती. काचेच्या भांड्यात चार-पाच पिढ्या झाल्या की पेशी आपलं काम विसरत, म्हणून त्या भरमसाट वाढवून साठवता येत नव्हत्या. निरंजनच्या शरीरातही त्या साधारण वर्षभरात थकत. तेव्हा दर वर्षी पुन्हा तुकडे घ्यावे लागणार होते.

"यांना काही त्रास?" रेवतीने गिरिजाकडे हात करून विचारलं.

"घेतल्यावर दोन-तीन दिवस पोट दुखेल. उरलेल्या पेशी वाढून जागा भरून काढतात. आतापर्यंत तरी तसंच दिसलंय."

त्या 'आतापर्यंत तरी'कडे कोणाचं लक्ष गेलं नाही. गिरिजा तर खुर्चीतून उठून बाह्या वर करायला लागली होती.

"आज नाही हो," डॉ. मुजावर हसल्या. "आधी तपासण्या."

पेशी लागू पडल्या. तीन महिन्यांनी निरंजनची पाठ दुखायची थांबली. सहा महिन्यांनी त्याला भूक लागायला लागली. पडद्यावर गाठ होती तेवढीच होती, पण तिच्या कडा शांत झाल्या होत्या. तो पुन्हा जीपमध्ये बसून कालव्यावर जाऊ लागला. कोणी तब्येत विचारली की पोटावर हात ठेवून सांगायचा, "अक्का बसली आहे आत. सगळ्यांना दटावते." त्याची मुलगी मुक्ता तेव्हा बारा वर्षांची होती. तिला हे वाक्य इतकं आवडलं की तिने शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं.

घरात हळूहळू एक गोष्ट बदलत गेली. गिरिजाचं शरीर आता एकट्या गिरिजाचं राहिलं नव्हतं. तिला साधा ताप आला की रेवती गाडी काढून हजर व्हायची. बाहेरचं तेलकट खाऊ नका अक्का, उन्हात उभ्या राहू नका अक्का. डबा रोज रेवतीकडून यायचा आणि रिकामा परत गेला नाही तर फोन यायचा. काठमांडूला स्पर्धा होती, गिरिजाच्या दोन मुली खेळणार होत्या, तिचं तिकीटही काढून झालं होतं. रेवती घरी येऊन बसली.

"तिकडं पाण्याचं काही खरं नसतं म्हणतात. कावीळबिवीळ झाली तर? दुसरी खेप दोन महिन्यांवर आली आहे."

"पाच दिवसांचा तर प्रश्न आहे गं."

"मी नको म्हणत नाही," रेवती म्हणाली. पण उठलीही नाही.

गिरिजा गेली नाही. मुलींचा सामना तिने मोबाइलवर पाहिला. त्या जिंकल्या आणि कॅमेऱ्यासमोर तिचं नाव घेऊन ओरडल्या. तिने आवाज बंद केला.

दुसरी खेपही व्यवस्थित पार पडली.

तिसऱ्या खेपेच्या आधी डॉ. मुजावरांनी गिरिजाला एकटीला बोलावलं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. गिरिजा सांगलीहून विनाचालक बसने मिरजेला आली. डॉक्टरांनी तिला बसायला सांगितलं आणि स्वतः मात्र खिडकीशी उभ्या राहिल्या.

"गिरिजाताई, ज्यांनी सुरुवातीला पेशी दिल्या होत्या, तुमच्याही आधी, त्यांच्यातल्या काही जणांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला आहे."



"आम्ही समजत होतो, उरलेल्या पेशी जागा भरून काढतात. जागा भरते. पण नवीन येतात त्या राखण करणाऱ्या नसतात. साध्याच असतात. बाहेरून पाहिलं तर सगळं पूर्वीसारखं दिसतं. आत मात्र पहारा उठलेला असतो. आणि बिघडलेल्या पेशी तर प्रत्येकात असतातच."

"माझ्यात?"

डॉक्टरांनी पडदा लावला. गिरिजाला आता ती चित्रं थोडीफार वाचता यायची. राखण करणाऱ्या पेशी विरळ झालेल्या तिलाही दिसल्या.

"आज तुम्हाला आजार नाही. जे बिघडलेलं आहे ते अजून झोपलेलं आहे. आता यापुढे दिलं नाहीत, तर आहे तेवढा पहारा कदाचित पुरेल."

"कदाचित?"

"कदाचित. खोटं सांगत नाही."

"आणि निरू?"

"त्यांच्यातल्या पेशी थकत आल्या आहेत. नवीन मिळाल्या नाहीत तर सहा महिने. आठ."

खिडकीखाली कोणीतरी रुग्णवाहिका मागे घेत होतं. तिचा बीप-बीप आवाज थांबल्यावर डॉक्टर पुढे बोलू लागल्या.

"रुग्णालयाच्या समितीचा निर्णय पुढच्या महिन्यात येईल. बहुतेक हा प्रयोग बंद होईल. तोपर्यंत दात्याला सगळं सांगून त्याच्यावर सोडायचं, असं ठरलंय. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते. देऊ नका. आणि घरी कारण सांगायची गरज नाही. नमुना या वेळी जुळला नाही, असं मी त्यांना सांगेन. हे आम्ही करतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"मला चार दिवस द्या," गिरिजा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी रेवती मैदानावर आली. सराव संपत आला होता. दोन खांबांच्या मध्ये मुली रांगेत उकिडव्या बसल्या होत्या आणि एक छोटी पळत पळत हुलकावण्या देत होती. रेवती पायरीवर बसून राहिली. मुली पाणी प्यायला गेल्यावर गिरिजा तिच्याजवळ आली.

"डबा आणलास?"

"नाही." रेवतीने मान वर केली नाही. "मुजावर मॅडमनी तुम्हाला बोलावलं होतं. कशासाठी ते मला माहीत आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"पेशंटच्या घरच्या माणसांचा ग्रुप आहे आमचा. नाशिकच्या एक बाई आहेत. त्यांच्या नवऱ्याला त्याच्या भावाने दिल्या होत्या. तो भाऊ गेला."

"कधी कळलं तुला हे?"

"गणपतीच्या आधी."

गणपतीच्या आधी. म्हणजे नवरात्र झालं, दिवाळी झाली. भाऊबीजेला निरंजनला ओवाळायचं ताट रेवतीनेच तयार करून गिरिजाच्या हातात दिलं होतं, आणि ओवाळून झाल्यावर वाकून नमस्कारही केला होता.

"मी घरून निघाले तेव्हा तुम्हाला सांगणार होते, अक्का, देऊ नका. रस्ताभर तेच घोकत आले. आता तोंडातून निघत नाही." तिने पदराने नाक पुसलं. "मी मागायला आलेली नाही. पण नको म्हणायलाही आलेली नाही. मुक्ता नववीत आहे. तिची दहावी तरी तो बघू दे, एवढंच डोक्यात येतं. त्याच्या पुढचं काही येतच नाही."

"निरूला माहीत आहे?"

"नाही. कळलं तर तो सुई टोचून घेणार नाही."

गिरिजाने शिट्टी वाजवली. मुली परत आल्या. तिने त्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि स्वतः खांबाला टेकून उभी राहिली. रेवती कधी उठून गेली ते तिला कळलं नाही.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुष्कळ विचार केला, आणि त्यात उदात्त असं फार थोडं होतं. तिला भीती वाटत होती. रेवतीचा राग येत होता. निरूचाही येत होता, काहीच माहीत नसल्याबद्दल. पण नाही म्हटलं तर पुढचं सगळं तिला स्पष्ट दिसत होतं: आठ महिने ती त्या घरी जाणार, त्याच्या उशाशी बसणार, तो वाळत जाणार आणि का वाळतोय ते तिला माहीत असणार. ते तिला झेपणार नव्हतं. हो म्हटल्यावर काय होणार ते मात्र धूसर होतं. तिथे एक 'कदाचित' होतं. तिने धूसर होतं ते निवडलं.

चौथ्या दिवशी ती मिरजेला गेली. डॉ. मुजावरांनी तिला दोनदा विचारलं. दोनदा ती हो म्हणाली.

त्यानंतरचं दीड वर्ष निरंजनच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं होतं असं तो म्हणायचा. त्याचं वजन वाढलं. मुक्ताला तो स्वतः गणित शिकवायचा, दोघं भांडायची, रेवती स्वयंपाकघरातून दोघांवर ओरडायची. मुक्ता दहावी झाली. चांगले गुण पडले. निरंजनने पेढ्यांचा पुडा घेऊन सगळ्यात आधी अक्काचं घर गाठलं.

गिरिजाने पेढा खाल्ला नाही.

"साखर वाढलीय," ती म्हणाली. "महिन्याभरात एकदम. गोळ्या चालू केल्यात."

"तुला? साखर?" तो हसला. "तू तर आयुष्यभर पळतेयस."

मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या गळ्याखालची हाडं वर आली होती. त्याची पाठ दुखायला लागण्याच्याही आधी साखर अशीच अचानक वाढली होती. तेव्हा कोणी मनावर घेतलं नव्हतं. त्याने पुडा टेबलावर ठेवला.

"अक्का, काय झालंय?"

गिरिजाने सांगितलं. तिच्या स्वादुपिंडातही गाठ सापडली होती. सगळं सांगितलं, फक्त रेवती मैदानावर आली होती तेवढं सोडून. पण निरंजनला ते घरी गेल्यावर रेवतीकडूनच कळलं. त्याने विचारलं, "तुला माहीत होतं?" आणि रेवती खोटं बोलू शकली नाही. त्यानंतर कामापुरतं सोडून तो तिच्याशी बोलला नाही. तिने वाढलेलं जेवायचा, ताट उचलून ठेवायचा. झोपायला बाहेरच्या खोलीत जायचा.

दुसऱ्याच आठवड्यात तो डॉ. मुजावरांच्या समोर बसला होता. प्रयोग बंद होऊन दीड वर्ष होत आलं होतं. डॉक्टरांच्या टेबलावर कागद कमी झाले होते आणि त्या थकल्यासारख्या दिसत होत्या.

"माझ्यातल्या काढा आणि तिला परत द्या," तो म्हणाला. "तिच्याच आहेत. तिच्या शरीराला तर नक्कीच चालतील."

"तुमच्या गाठीभोवतीच्या पेशी काढल्या तर तुमचं काय होईल, कल्पना आहे ना?"

"आहे."

"गिरिजाताईंना विचारलंत?"

"तिने मला विचारलं होतं का?"

 नियम आडवा येत होता, पण डॉक्टरांना स्वतःलाही जाणून घ्यायचं होतं. त्यांनी निरंजनच्या गाठीभोवतालचा अगदी छोटा नमुना घेतला, तपासायला पुरेल इतकाच. पंधरवड्याने त्यांनी भाऊबहिणीला एकत्र बोलावलं.

"या तुमच्या पेशी, गिरिजाताई," त्या पडद्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "तीन खेपांतल्या मिळून. अजून जिवंत आहेत." त्यांनी चित्र मोठं केलं. "गाठीच्या शेजारी राहून राहून बदलल्या आहेत. आम्हाला वाटत होतं त्या थकतात. थकत नाहीत. हळूहळू तिच्या बाजूला जातात. आता त्या गाठीला अन्न पुरवतायत. या तुम्हाला परत दिल्या तर तुमचा आजार दुप्पट वेगाने वाढेल."

निरंजन पडद्याकडे बघत राहिला. त्याच्या पोटावरचा हात आपोआप खाली आला.

"म्हणजे यालाही..." गिरिजाने वाक्य अर्धं सोडलं.

"हो. निरंजनरावांची गाठ जागी होते आहे. मागच्या महिन्यापासून."

"दुसरं काही?"

"प्रयोगशाळेतच अशा पेशी घडवायच्या, ज्या काम विसरणार नाहीत आणि फितणारही नाहीत, असं काम सुरू झालंय. दहा वर्षं लागतील. कदाचित आठ." त्या दोघांच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "मी चुकले. आम्ही सगळेच चुकलो, पण तुमच्यासमोर मी होते."

गिरिजाने टेबलावरून हात पुढे करून त्यांचा हात थोपटला. 

मुक्ता तेव्हा सोळा वर्षांची होती. तिला सगळं समजलं होतं; घरात कोणी सांगितलं नाही तरी बंद दारं आणि बाहेरच्या खोलीतली गादी तिला दिसत होती. एका रविवारी गिरिजा भावाकडे आली असताना मुक्ता दोघांच्या समोर येऊन उभी राहिली.

"बंगळूरकडे एक ठिकाण आहे. तिथे अजून घेतात पेशी. घरातल्यांची लेखी परवानगी असेल तर अठरा पूर्ण नसले तरी चालतं म्हणे. माझ्या निम्म्या बाबांशी जुळतात. थोड्याफार आत्याशी पण जुळतील. मी देते."

"कोणाला?" निरंजनने विचारलं. आवाज अगदी शांत होता.

मुक्ताने तोंड उघडलं आणि मिटलं. ती बापाकडून आत्याकडे आणि आत्याकडून बापाकडे बघत राहिली.

"बघ," निरंजन म्हणाला. "हे उत्तर तुला कधीच द्यायला लागता कामा नये."

"बाबा, मी एकदाच देईन. एका खेपेने काही होत नाही, सगळ्यांना तिसऱ्यानंतर झालं."

"एकदाने कधीच भागत नाही. अक्काचंही भागलं नाही."

"मग काय, मी नुसती बघत बसू? तुम्ही दोघं असे..." ती रडायला लागली. गिरिजाने तिला जवळ ओढलं, तर तिने आत्याला ढकलून दिलं. "तुला चाललं ना गं? तू दिलंस तेव्हा कोणी अडवलं तुला? मग मला का?"

 स्वयंपाकघराच्या दारात रेवती उभी होती. मुक्ताने तिच्याकडे पाहून विचारलं, "आई, तू सांग ना यांना."

 निरंजन कित्येक आठवड्यांनंतर बायकोकडे सरळ बघत होता. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"नाही," रेवती म्हणाली. "तू द्यायच्या नाहीस. मी परवानगी देणार नाही."

मुक्ता आत निघून गेली. त्या दिवसापासून तिने आईशी बोलणं टाकलं. आत्याच्या वेळी गप्प राहिलीस आणि माझ्या वेळी बोललीस, हे तिने तोंडाने कधी म्हटलं नाही. पण रेवतीला ते रोज ऐकू येत होतं.

निरंजन मार्चमध्ये गेला. शेवटचे पंधरा दिवस तो घरीच होता, वेदनेवरच्या औषधाच्या गुंगीत. शुद्धीत असताना त्याने एकदा रेवतीचा हात धरला. तिला वाटलं काहीतरी बोलेल. त्याने फक्त पाणी मागितलं. तिने चमच्याने पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं संपलं. लिंगायतांच्या रीतीने त्याला बसवून पुरलं. तोवर तो इतका हलका झाला होता की त्याला उचलायला दोघेच पुरले.

गिरिजा तोवर शाळा सोडून बसली होती. एकटीने राहणं जमेना तेव्हा रेवती गाडी घेऊन आली, तिचे कपडे भरले आणि तिला आपल्या घरी घेऊन गेली. गिरिजाने नको म्हटलं नाही. नको म्हणायची ताकद नव्हती, आणि दुसरं कोणी नव्हतंही. बाहेरच्या खोलीत तिची गादी घातली गेली. रेवती तिला आंघोळ घालायची, केस विंचरायची, प्रत्येक घासाबरोबर पचनाच्या कॅप्सूल द्यायची. मुक्ता कॉलेजला जायची, यायची, आत्याच्या पायांशी बसून मोबाइल बघायची आणि आई खोलीत आली की उठून जायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी असंच झालं. मुक्ता उठून गेली. रेवती हातात ताटली घेऊन तिच्या मोकळ्या जागेवर बसली.

"अक्का, तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत."

"काय बोलू?"

"काहीही. तो बोलला नाही. ही बोलत नाही. तुम्ही तरी बोला." पंख्याच्या वाऱ्याने तिच्या कपाळावरचे केस उडत होते, ते तिने मागे सारले नाहीत. "माफी मागावी असं फार वाटतं. पण खरं सांगू? तीच वेळ पुन्हा आली, तर मी पुन्हा मैदानावर येऊन तशीच गप्प बसेन. मला माहीत आहे. मग कोणत्या तोंडाने मागू?"

गिरिजा छताकडे बघत पडून राहिली. तिचे डोळे आता निरंजनसारखेच पिवळे झाले होते.

"मी पुन्हा दिल्या असत्या का, ते मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "लोकांना वाटतं मी हसत हसत दिल्या. डॉक्टरांनाही वाटतं. मी रोज सकाळी विचार करते. कधी हो येतं, कधी नाही येतं. काल नाही आलं होतं."

"आणि आज?"

"आज अजून केला नाही."

रेवतीने मान हलवली. वरणभात बोटांनी अगदी मऊ कालवला, कॅप्सूल फोडून तिची भुकटी त्यात मिसळली आणि एक छोटा घास केला.

"निवतोय," ती म्हणाली.

गिरिजाने तोंड उघडलं.